दोन ते तीनच्या मध्ये

६ जानेवारी

सुईताई,

नमस्कार. बाकीचं सगळं मागाहून, आधी आकडा: २.४. सतरावा महिना! तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचणार हे ठाऊक आहे, म्हणून अक्षरात लिहितो, दोन पॉइंट चार. रक्त काढणाऱ्या बाईंनी कागद देताना विचारलं, "काका, तुमचं रक्त घड्याळ लावून वाहतं की काय?" मी म्हटलं, "बाई, पन्नास वर्षं लोकांच्या घरात हवं तेवढंच पाणी सोडत आलो. स्वतःच्या रक्ताची तेवढी समज नको?" त्या म्हणाल्या, "समज पुरे, बाही खाली करा, मागे रांग आहे."

तुमचा बहुतेक पंधरावा असेल. या, या, मागून या. घाई नाही.

बाकावर तुमच्या जागी आज एक नवीन गृहस्थ बसले होते. माझ्यासारखीच त्यांच्या छातीत धातूची झडप बसवली आहे. विचारू लागले, ही गोळी किती दिवस घ्यायची? मी म्हटलं, जन्मभर. बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मग मी त्यांना माझ्या पद्धतीनं समजावलं. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून गोळी रक्त पातळ ठेवते. किती पातळ, ते आकड्यावरून कळतं. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, तीनच्या वर गेला तर रक्तस्रावाची. मधल्या अरुंद गल्लीतून आपण चालायचं. तुमच्याबद्दलही सांगितलं, की इथे माझी एक मानलेली बहीण बसायची, शिवणकाम करणारी. तिचं हृदय ताल सोडून धडधडतं म्हणून तिलाही हीच गोळी. आता ती लेकीकडे राहायला गेली, तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पत्रं लिहितो आणि शर्यत खेळतो. ज्याचा आकडा गल्लीबाहेर गेला त्यानं पुन्हा शून्यापासून सुरू करायचं. गृहस्थ म्हणाले, "आणि जिंकलं की काय मिळतं?" मी म्हटलं, "फुशारकी! दुसरं काय?"

हसले. हसवूनच उठलो.

इकडे ठीक. मुलगा कामानिमित्त बाहेरगावीच असतो, घरी मी आणि सून. मला खोकल्यानं धरलंय. छातीत कफ आहे म्हणे, सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात. सून म्हणते दुकानात जाऊ नका. दुकान म्हणजे काय हो, एक शटर, दोन फळ्या आणि वॉशरचे डबे. पण तिथे बसलं की कुणीतरी गळकी तोटी घेऊन येतं आणि आपण अजून कामाचे आहोत असं वाटतं.

आकडा कळवा. खराखुरा!

तुमचा,
पान्हेदादा

१२ जानेवारी

पान्हेदादा,

तुमच्या फुशारकीनं पाकीट इतकं फुगलं होतं की पोस्टमननं ते दारावर आपटूनच टाकलं. आकडा २.७, पंधरावा. मी गुपचूप मागून येते आहे. एक दिवस तुमचा पाय घसरणार आणि मी पुढे निघणार, मग बघू कोण कुणाला "या, या" म्हणतं.

आता जरा गंभीर. खोकल्याच्या म्हणजे जंतूंवरच्याच गोळ्या ना? मग महिना भरायची वाट न बघता मध्येच एकदा रक्त तपासा. दुसरं औषध पोटात गेलं की आपल्या गोळीचा जोर वाढतो, हे त्या बाई बाकावरच्या प्रत्येकाला सांगायच्या आणि सगळ्यांत जोरात मान डोलवायचात तुम्ही. नुसती मान डोलवू नका, पाय चालवा.

माझं चाललंय. तिसरा मजला, खिडकीशी मशीन. इमारतीतल्या बायका बाह्या आखूड करायला, कमरा सैल करायला कपडे आणून देतात. एकीनं काल माप देताना इतकं पोट आत ओढलं की मी तिला म्हटलं, "बाई, श्वास सोडा, ह्या कपड्यात तुम्हाला जेवायचं पण असेल." ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून चांगलं नव्हतं.

लेक शाळेत शिकवते, दमून येते. तिचा दोष नाही. पण माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं आणि दिवसभर वर्गात ओरडून आलेल्या माणसाला घरी आणखी ओरडायचा कंटाळा येणारच. त्यामुळे तुमचं पत्र आलं की मी ते पहिल्यांदा भरभर वाचते आणि मग चार दिवस पुरवून पुरवून.

रक्त तपासा. पुन्हा सांगते आहे.

सुईताई

२० जानेवारी

सुईताई,

मध्ये तपासून घेतलं. आकडा २.५. झालं समाधान? खोकलाही गेला.

परवापासून डाव्या कुशीत उसण भरली आहे. गंमत म्हणजे ना काही उचललं, ना वाकलो. दुकानात बसून चहा पीत होतो आणि मागून कुणी पान्हा लावून पिळावं तसं झालं. शेजारच्या औषधवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, दोन दिवस त्यावर काढले. आज सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, कपाट धरून उभा राहिलो. वयाचा परिणाम. लघवी अगदी स्वच्छ आहे, तेव्हा किडनीबिडनीचं काही नाही, हे मी स्वतः बघितलं.

सुनेला बोललो नाही. तिच्या ऑफिसात ह्या आठवड्यात फार काम आहे.

आज हात जड आहे. पुढचं सविस्तर लिहीन.

पान्हेदादा

२३ जानेवारी

दादा,

हे पत्र पडेल तेव्हा तुम्ही घरी नसावं, दवाखान्यात असावं, अशी माझी इच्छा आहे. असलं काही मी कुणासाठी आजवर मागितलं नव्हतं.

तुमचं पत्र आज सकाळी अकरा वाजता आलं. वाचलं आणि तशीच पायांत चपला सरकवून लेकीच्या शाळेत चालत गेले. ती वर्गात होती. मी दारात उभी राहून "तुझा फोन दे" म्हणून ओरडले. आपण किती मोठ्यानं बोलतो ते मला कळत नाही, पण सगळी पोरं उभी राहिली. लेकीनं स्टाफरूममधून तुमच्या सुनेला फोन लावला. मी शेजारी उभी राहून सांगत होते आणि ती माझी वाक्यं फोनमध्ये घालत होती.

तुम्ही विचाराल, एवढं काय दिसलं त्या पत्रात. दादा, तुम्ही तपासणीला जाऊन आलात आणि त्या बाईंचा एकही टोमणा पत्रात नाही, असं आजवर झालेलं नाही. तुम्ही गेलाच नाहीत. नेहमी चार पानं लिहिता, ह्या वेळी एक, आणि ओळी उजवीकडे घसरत खाली गेलेल्या. आणि काही न उचलता कुशीत दुखतंय, वर अंधारी येतेय, ह्याला आपल्या बाकावर उसण म्हणत नाहीत. काही न लागता-पडता पोटात, कुशीत, डोक्यात एकाएकी दुखलं तर बसून राहायचं नाही, हे त्या नवीन माणसांना तुम्हीच सांगायचात ना हो?

रागावले आहे. पण आधी बरे व्हा, मग पुरतं रागावते.

सुईताई

२ फेब्रुवारी

आत्या,

बाबा तुम्हाला बहीण मानतात, म्हणून मी तुम्हाला आत्या म्हणते, चालेल ना? मी त्यांची सून. आपण कधी भेटलो नाही, पण तुमची पत्रं आली की बाबा मला त्यातले टोमणे वाचून दाखवतात. त्यामुळे तुमची ओळख आहेच.

बाबा बरे आहेत. हे आधी.

तुमच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. त्या सारखं "माझी आई म्हणते" एवढंच म्हणत होत्या आणि मागून तुमचा आवाज मला थेट ऐकू येत होता. मी तशीच दुकानावर गेले. बाबा स्टुलावर बसले होते, पांढरेफटक, आणि एका गिऱ्हाइकाला तोटीचा वॉशर कसा बसवायचा ते समजावत होते. मला म्हणाले, "तू कशी इथे? उसण आहे गं नुसती."

दवाखान्यात रक्तदाब इतका खाली होता की नर्सनं दोनदा मोजला. अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यावर आलेलं. आकडा ८.२. स्कॅनमध्ये डाव्या किडनीच्या भोवती रक्त साठलेलं दिसलं, दोन मुठींएवढं. मी डॉक्टरांना म्हटलं, "पण ते कुठे पडले नाहीत, काही लागलं नाही." ते म्हणाले, लागावं लागतंच असं नाही. रक्त फार पातळ झालं की क्वचित कधी किडनीभोवती आपोआपही असं होतं. खोकल्याच्या गोळ्यांनी आकडा चढला आणि वरून दुखण्याच्या गोळ्यांनी भर घातली. रक्त किडनीच्या बाहेरच्या बाजूला साठत होतं, म्हणून लघवीत काही दिसलं नाही.

गोळीचा उतारा म्हणून सुई दिली, रक्ताच्या पिशव्या लावल्या. तरी आत थोडं झिरपत होतं. मग मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट किडनीपर्यंत नेली आणि झिरपणारी बारीक वाहिनी आतूनच बंद केली. बाबा तेव्हा शुद्धीवर होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "नळी किती एमएमची?" डॉक्टरांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "अरे वा!" आणि मगच डोळे मिटले. किडनी वाचली.

आत्या, एक विचारू? डॉक्टरांनी आधीचा आकडा विचारला तेव्हा बाबांनी २.५ सांगितला. पण तिथल्या कॉम्प्युटरवर सहा जानेवारीनंतर त्यांची तपासणीच नाही. मी बाबांना विचारलेलं नाही. मला भीती वाटते ती एवढीच, की ते माझ्यापासून अजून काय लपवत असतील. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.

तुमची,
सून

१४ फेब्रुवारी

सुईताई,

घरी आलो. उशीला टेकून लिहितो आहे, ओळी घसरल्या तर फोन करू नका.

आधी कारागिराला दाद देतो. पन्नास वर्षांत मी भिंतीतली गळती शोधायला किती भिंती फोडल्या असतील त्याला गणती नाही. त्या डॉक्टरांनी मांडीशी एक बारीक भोक पाडलं, तिथून नळी नेली, पडद्यावर बघत बघत नेमक्या फाट्यावर वळवली आणि बूच मारलं. वर पाणी चालू, खाली पाणी चालू, मधला गळका फाटा तेवढा बंद. प्लास्टरला धक्का नाही! मी त्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्या धंद्यात असता तर मी उपाशी मेलो असतो."

आता ती गोष्ट, जी तुम्हाला आधीच कळली आहे. २.५ मी मनानं लिहिला. सोळा तारखेला रक्त द्यायला निघालो होतो. चौकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. त्या गोळ्यांनी आकडा चढला असणार हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच गेलो नाही. कागदावर आला की सतराचं शून्य होणार. नाही आला तर सतरा ते सतराच. एकाहत्तर वर्षांच्या माणसाची ही अक्कल. आठवड्याभरात उतरेल आपोआप, असं मनाला सांगितलं.

पण ह्याहून वाईट एक आहे आणि ते फक्त तुम्हाला सांगतो.

झडपेमुळे गोळी पुन्हा सुरू करावीच लागेल असं डॉक्टर म्हणाले. तोवर पोटात सकाळ-संध्याकाळ सुई आहे, तीही रक्त पातळच ठेवते. गोळीनं आकडा दोनवर आला की सुई बंद. पाच दिवस झाले, सून रोज गोळी आणि पाणी आणून देते. मी गोळी जिभेखाली धरतो, पाणी पितो, ती वळली की रुमालात. सुईताई, मला ती गिळवत नाही. हातात घेतली की कूस आखडते. सुई दुसरी माणसं टोचतात, तिला माझं काही चालत नाही. पण ही मी माझ्या हातानं तोंडात टाकायची? जिनं मला आतून फोडलं तीच?

काल आकडा १.१ आला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. तेवीस तारखेला पुन्हा तपासतील आणि वर आला नसेल तर गोळी दुप्पट करतील म्हणे. म्हणू देत. रुमाल मोठा आहे.

कुणाला बोलू नका. तुम्ही मला समजून घ्याल एवढं वाटतं.

पान्हेदादा

१८ फेब्रुवारी

दादा,

समजून घेतलं. आता तुम्ही मला घ्या.

ऑक्टोबरात तुम्ही चौदाव्या महिन्यावर होता आणि मी बाराव्यावर. मला टाचण्या ओठांत धरायची सवय, तुम्ही बाकावर त्यावरून मला चिडवायचात. एक दिवस गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपके दिसले. टाचणी टोचली असेल म्हणून आरशात बघितलं, तर हिरड्यांतून रक्त येत होतं. तपासलं. ५.१. तीन दिवस गोळी बंद ठेवायला लागली. तुम्हाला काय लिहिलं ते तुमच्याकडच्या पत्रात बघा. २.६.

तुम्ही ज्या बाईपुढे राहायला धडपडत होता, ती ऑक्टोबरातच बाद झाली होती, दादा. माझे पंधरा म्हणजे खरे तीन. तुम्ही सोळा तारखेला चौकातून परत फिरलात, ते माझ्या खोट्या पंधरावर नजर ठेवून. मला तुमच्या सुनेचं पत्र आलं होतं. तिनं विचारलं होतं, तुम्हाला काही माहीत आहे का. मी तिला अजून उत्तर लिहू शकलेले नाही.

का लिहिलं खोटं? शून्य झाले असते तर तुम्ही चार दिवस चिडवलं असतं आणि विसरला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ह्या घरात मी ऐकू न येणारी म्हातारी आहे. तुमच्या पत्रात मी मागून येणारी, पाठलाग करणारी, तुम्हाला घाम फोडणारी होते. ते सोडवेना.

आता माझं ऐका. लोक माप देताना पोट आत ओढतात. मला काय, मी तेवढंच लिहून घेते आणि तेवढंच बेतते. मग कपडा अंगाला लागत नाही आणि दोष शिंपिणीला. आपण दोघांनी पोट आत ओढून मापं दिली. तुम्ही तर अजून देता आहात! तो डॉक्टर तुम्ही गोळी घेता असं धरून मोजतो आहे. तेवीसला तो ती दुप्पट करेल. मग एक दिवस तुम्हाला धीर येईल, किंवा सून समोरून हलणार नाही, आणि ती दुप्पट गोळी खरोखर पोटात जाईल. आणि नाहीच गेली, आणि डॉक्टरांनी सुई थांबवली, तर झडपेवर गुठळी धरेल. ती कुठे जाऊन बसते हे बाकावर मला तुम्हीच डोक्याला बोट लावून दाखवलं होतं.

गोळीनं तुम्हाला फोडलं नाही. न मोजलेल्या गोळीनं फोडलं. मोजून घेतलेल्या ह्याच गोळीवर तुम्ही इतकी वर्षं शिड्या चढलात.

"कुणाला बोलू नका" हे मी पाळणार नाही. हे पत्र एकवीसला मिळेल. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला माझी लेक तुमच्या सुनेला फोन करेल. तुम्हाला तोपर्यंत वेळ आहे, स्वतः सांगायला.

लेकीला काल ऑक्टोबरचं सांगितलं. तिनं समोरच्या वह्या बाजूला सारल्या. मग कागद घेऊन त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मला का नाही सांगितलंस?" आणि कागद माझ्यासमोर धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माफ करा, की नका करू, ते तुमच्यावर. पण गोळी गिळा.

सुईताई

६ मार्च

सुईताई,

एकवीसला तुमचं पत्र वाचून सणकून राग आला. वाटलं, हिला कळवायचंच नाही काही. पत्र फाडायला घेतलं होतं, पण हातात जोर नव्हता आणि पाकीट तुम्ही नेहमीसारखं जाड कागदाचं वापरता.

तुम्ही पाच पॉइंट एकवर असताना मी तुम्हाला "या, या, मागून या" म्हणत होतो. स्वतःचाच राग आला थोडा. मग परत तुमचा. असं करत पाच वाजले. सहाला फोन येणार होता.

पाच चाळीसला सुनेला हाक मारली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "मी गोळ्या गिळत नाही." ती घड्या घालतच राहिली. म्हणाली, "माहीत आहे. ह्या घरात रुमाल कोण धुतं, बाबा?" दोनच दिवस आधी तिला खिशात चिकटलेल्या सापडल्या होत्या. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "आजचा दिवस वाट बघणार होते. उद्या सकाळी डॉक्टरांना सांगणार होते. तुम्ही सांगितलंत तर जास्त बरं, म्हणून थांबले." आणि मग घडी घालता घालता रडायला लागली, तोच शर्ट पुन्हा पुन्हा घडी घालत. पोटच्या पोरीसारखी आहे ती आणि मी तिच्याशी जादूगारासारखा जिभेखालचा खेळ करत होतो. सहाला तुमच्या लेकीचा फोन आला तेव्हा दोघी एकमेकींशी अर्धा तास बोलल्या. आपल्या दोघांबद्दल. मी दुसऱ्या खोलीतून ऐकलं, त्यातलं तुम्हाला काही सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मीच सांगितलं. ते रागावतील म्हणून मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी उद्यापासून दुप्पट लिहिणार होतो." बस, एवढंच.

पहिली गोळी गिळली ती खुर्चीवर ताठ बसून, सून समोर. गिळल्यावर तासभर कुशीवर हात ठेवून बसलो, जसा पाइप जोडल्यावर पाणी सोडून सांध्यापाशी बसतो तसा. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही बसलो. पाचव्या दिवशी बसायचं विसरलो.

आकडे: १.३, मग १.७, मग २.१ आणि परत २.१. सुई बंद झाली. मेच्या सुरुवातीला पुन्हा स्कॅन आहे. साठलेलं रक्त जिरल्यावर त्याच्या आड काही दडलेलं नाही ना, ते बघायचं आहे म्हणाले. ती धाकधूक आहे, लपवत नाही.

आता शर्यत बंद. त्याऐवजी असं करू. आकडा बरोबर आला तर एक कार्ड टाकायचं, त्यावर नुसता आकडा. चुकला तर मात्र पत्र, त्याच दिवशी, सगळं तपशीलवार. म्हणजे जाड पाकीट आलं की समजायचं, माणूस खरं बोलतो आहे.

माफीचं म्हणाल तर तुम्ही शाळेत जाऊन ओरडलात म्हणून मी हे लिहितो आहे. तेव्हा हिशेब मला काही जमत नाही. तुम्हीच बघा.

पान्हेदादा

१० एप्रिल
(कार्ड)

२.३.
कार्डावर जागा उरली आहे म्हणून लिहिते: लेक आता माझ्याबरोबर तपासणीला येते. बाकावर बसून पोरांच्या वह्या तपासते. मधूनच एखाद्या पोराची चूक मला दाखवते आणि आम्ही हसतो. काल तिथे तिला कुणीतरी "जरा हळू हसा" म्हटलं.
सुईताई

४ मे

सुईताई,

पाकीट जाड आहे, घाबरू नका. म्हणजे थोडं घाबरा, मग पुढे वाचा. आकडा ३.३.

कारण सापडलं आहे. आजारानंतर जेवण कमी झालं होतं, त्यात पालेभाजी सुटली. ती नेमानं खाल्ली तर गोळी नेमानं काम करते, सुटली की आकडा चढतो. बाईंनी कागद देताना माझ्याकडे बघितलं. बहुधा मी काहीतरी विनोद करेन अशी वाट बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, वर गेलाय. आता काय करायचं ते सांगा." त्यांनी डॉक्टरांना विचारून आजची गोळी अर्धी करायला सांगितली आणि भाजी पुन्हा सुरू. दुखत नाही, अंधारी नाही, हिरड्या ठीक. सून वरच्या मजल्यावर स्कॅनचा नंबर लावायला गेली होती, तिला तिथूनच फोन केला. तिनं विचारलं, "नक्की ३.३ ना? ३.६ नाही?" अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही तिचा. बसेल. मी कागदाचा फोटो काढून पाठवला.

स्कॅन आज सकाळीच झाला. पोटावर पट्टा बांधून त्या गोल भोकात सरकवतात तेव्हा श्वास धरायला सांगतात. तेवढ्या वेळात माणूस काय काय विचार करतो! बाहेर येऊन दीड तास बसलो. सून सुट्टी काढून आली होती. मग डॉक्टरांनी आत बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. दोन मुठींचं उरलंय ते लिंबाएवढंही नाही. त्याच्या आड काही नाही. गाठ नाही, काही नाही. किडनी आपलं काम करते आहे. मी विचारलं, "म्हणजे पुन्हा होणार नाही?" ते म्हणाले, "तशी हमी मी देणार नाही. पण तुम्ही आकडा मोजत राहिलात आणि दुखलं की लगेच आलात, तर माझी झोप मोडणार नाही." मला हे उत्तर आवडलं. कामावर हमी देणाऱ्या कारागिराचं काम मी कधी घेतलेलं नाही.

खाली उतरलो तर बाकावर एक शिक्षिका बसल्या होत्या, तुमच्या लेकीच्या वयाच्या. पायात गुठळी झाली म्हणून गोळी सुरू, पहिलाच महिना. आकडा १.६ आला म्हणून रडवेल्या झाल्या होत्या, नापास झाल्यासारख्या. मी शेजारी बसलो. आधी माझा ३.३ चा कागद काढून त्यांना दाखवला. मग कुशीचं सगळं सांगितलं, लपवाछपवीसकट. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही अजून ती गोळी घेता?" मी म्हटलं, "घेतो. आज अर्धी."

सून दारात उभी राहून हाका मारत होती. उठलो.

गुरुवारी पुन्हा रक्त द्यायचं आहे. जाणार आहे.

पान्हेदादा